कुशीची खोड

ढोरांचा डॉक्टर म्हणून माझा जन्म गेला, आणि 'ढोरडाक्टर' ही शिवी आहे की पदवी, ते मला आजही धड कळलेलं नाही. बाजारात कोणी तशी हाक मारली की मी आधी त्याचं तोंड बघतो आणि मग ठरवतो. मुंबईला शिकून आलो, लोकल बोर्डाच्या दवाखान्यात लागलो, आणि धुळं, साक्री, जळगाव, चोपडा असा सगळा खानदेश बैलगाडीने, मोटारीने आणि बहुतेक पायीच तुडवला. गुरांना टोचलं, बैलांचे खूर कापले, अडलेल्या गायी सोडवल्या. त्यावर लिहा म्हणून आग्रह झाला असता तर मी नाहीच म्हटलं असतं. गायीच्या पोटात हात घालण्याचं वर्णन दिवाळीच्या फराळासोबत कोण वाचणार? म्हणून मी कुत्र्यांवर लिहितो आहे, त्यातही कुत्र्यांच्या पिल्लांवरून होणाऱ्या भांडणांवर.

हसू नका. माझ्या नोकरीत बैलाच्या सौद्यापेक्षा पिल्लाच्या सौद्यावरून मी जास्त शिव्या खाल्ल्या आहेत. बैलाच्या भांडणात दोघेही पक्के बाजारी असतात, चार तास घसे ताणतात आणि मग एकाच हॉटेलात चहा पितात. पिल्लाचं तसं नाही. पिल्लू घरात येतं, बायकापोरं त्याच्यावर जीव लावतात आणि मग ते आजारी पडतं. घेणारा रडत येतो आणि देणारा चिडत येतो. मध्ये मी.

बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गुरांच्या बाजारात एक जुना कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. जनावरात 'खोड' निघाली तर देणारा जबाबदार. 'आजार' निघाला तर घेणारा जबाबदार. खोड म्हणजे जन्माची, आईच्या पोटातून आलेली. आजार म्हणजे नंतर, घेणाऱ्याच्या गोठ्यात लागलेला. सगळं भांडण या दोन शब्दांवर येऊन थांबतं आणि मग दोघेही माझ्या टेबलापाशी येतात. 'डाक्टरसाहेब, खोड शे का आजार शे, तेवढं सांगा.' मी जो शब्द बोलेन त्यावर एकाचं तोंड काळं व्हायचं.

कधी कधी मात्र दोन्ही शब्द कामाचे नसत. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतला एक ड्रायव्हर विलायती पिल्लं विकायचा. जळगावच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याने त्यातलं एक घेतलं. ताठ कानांचं, ऐटबाज. घरी नेऊन आंघोळ घातली आणि कान खाली पडले. शेटजी पिल्लाला काखेत मारून माझ्याकडे हजर. 'डॉक्टर, कान पडले. खोड की आजार?' मी कान चोळून बघितले, बोटांचा वास घेतला आणि म्हटलं, 'शेटजी, खोड नाही आणि आजारही नाही. ही खळ आहे.' ड्रायव्हरबाबा साहेबाच्या कॉलरला लावावी तशी गावठी पिल्लाच्या कानांना खळ लावून विकत होता! शेटजी आधी चिडले आणि मग इतके हसले, की पिल्लू ठेवूनच घेतलं.

दुसरं एक नशिराबादचं. एक गृहस्थ सातपुड्याच्या पाड्यावरून पिल्लू घेऊन आले आणि म्हणाले, 'बहिरं आहे, हाका मारून घसा बसला.' मी पिल्लाच्या मागे पितळी थाळी वाजवली. ते दचकून माझ्याच पायाला चावलं. बहिरं कसलं? पाड्यावर त्याला नाव नव्हतं, तिथे लोक जिभेने टकटक करून कुत्र्याला बोलवत. मी टकटक केली, तसं शेपूट हलवत मांडीवर आलं. गृहस्थ तिथेच बाकावर बसून जिभेने टकटक करायला शिकले. दवाखान्यात आलेली माणसं बैलांऐवजी त्यांच्याकडेच बघत होती.

ही झाली गंमत. पण मला सांगायचं आहे ते ठकूअक्काबद्दल.

ठकूअक्का साक्रीकडची मेंढपाळ. नवरा लवकर गेला, मेंढरं तिनेच राखली. पावसाळा डोंगरात, बाकी वर्ष खानदेशच्या पडीत रानातून फिरायचं. काळी, उंच, आवाज असा की नदीच्या या काठावरून ओरडली तर त्या काठावरचं मेंढरू मान वर करी. तिच्याकडची कुत्री सगळ्या मुलखात नावाजलेली. लांडग्याला न भिणारी, मालकाशिवाय कोणाची भाकरी न हुंगणारी. त्यातही वाघी नावाची कुत्री तर पाटील-देशमुखांच्या तोंडी होती.

अक्का पिल्लं विकत नसे. 'पोरगी कोन्ही इकस का?' असं म्हणायची. पिल्लू हवं असेल त्याने वाघीसाठी गूळ, तेल, ज्वारी आणायची, म्हणजे बाळंतिणीचा खुराक. मग अक्का त्या माणसाला बसवून घ्यायची आणि प्रश्न विचारायची. घरात कोण कोण, मळा कुठे, आधीचं कुत्रं कसं मेलं. लग्न ठरवताना मुलीचा बाप विचारत नसेल इतकं. पटलं तर पिल्लू ओटीत घालायची. आणि शब्द द्यायची: खोड निघाली तर पिल्लू माझं, आणि ज्या कुशीतून निघालं त्या कुत्रीला पुन्हा वेत नाही. ती हे पाळत असे. एकदा एका चांगल्या कुत्रीचं पिल्लू जन्मांध निघालं, तर तिने त्या कुत्रीची जातच थांबवली होती. वर्तमानपत्रात जाहिराती देऊन विलायती पिल्लं विकणारे मी पुढे खूप पाहिले. एवढी सचोटी त्यांच्यातल्या एकाकडेही पाहिली नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. दिवाळी झाली होती. धुळ्याच्या दवाखान्यात दगडूआबा आले. चोपड्याजवळच्या एका गावचे केळीचे बागायतदार. पांढरं पागोटं, भरघोस मिशा, आणि मनाने राजा माणूस. गावात विहीर खणायची असो की कोणाच्या पोरीचं लग्न असो, आबांचा हात पहिला. त्यांच्या मागे गड्याच्या हातात टोपली, टोपलीत पिल्लू. वाघीचं. आबांनी त्याचं नाव मोठ्या थाटात 'फौजदार' ठेवलं होतं, आणि फौजदारसाहेबांना उभं राहता येत नव्हतं. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले, मनगटं सुजलेली, डोळे मात्र जिवंत.

निरोप मिळून ठकूअक्काही आली होती. तिने पिल्लाला टोपलीतून उचललं आणि छातीशी धरलं.

'खोड शे,' आबा म्हणाले. 'कूसच खोडीनी. डाक्टरसाहेब, तेवढं लिखी द्या.'

'मी दिधं तव्हय हरनीना मायक पयत व्हतं,' अक्का म्हणाली. तिने दिलं होतं ते हरणीसारखं पळणारं पिल्लू. मग माझ्याकडे वळून, 'पन डाक्टर, तुम्ही खरं ते सांगा. खोड निंघनी ते आजथीन वाघीले पिलं नही. दिधेल बठ्ठा पिलं माघारी आनसू.'

मी पिल्लाला तपासलं. यात पांडित्य लागत नव्हतं. हाडं मऊ, सांधे जाड. ज्याला आपण माणसांच्या पोरांत मुडदूस म्हणतो तेच. अंधारात वाढलेल्या, निव्वळ पिठूळ खाणाऱ्या पिल्लाला होतं. मी तसं सांगितलं. 'आबा, ही खोड नाही, आजार आहे. याला ठेवलं कुठे होतं? खायला काय देत होता?'

'घरमा व्हतं,' आबा म्हणाले, आणि नजर दुसरीकडे नेली. 'भात, केयी, जे आम्ही खातस ते.'

'घरात म्हणजे कुठे?'

'घर म्हन्जे घर!' आबा एकदम उसळले. 'आजार नही शे. कूस खोडीनी शे. लिखी द्यानं नसी ते नका लिखू.'

मी चकित झालो. या माणसाने कधी दोन पैशांसाठी घासाघीस केली नव्हती. शिवाय खोड म्हटलं तरी त्यांना मिळणार काय होतं? दुसरं पिल्लू. ते तर अक्का तसंही देत होती. मग हट्ट कशाचा? आबा तणतणत उठले, पिल्लू टोपलीत टाकलं आणि निघाले. अक्का त्यांच्या वाटेत उभी राहिली. 'आबा, मन्ही पोर जठे नांदनी ते घर माले दाखाडा. मंग तुम्ही म्हनशात ते कबूल.'

माहेरच्या माणसाला घर दाखवायला नाही म्हणणं आबांच्या रीतीत बसत नव्हतं. माझाही त्या बाजूला टोचणीचा दौरा होताच. ठरल्या दिवशी मी आणि अक्का आबांच्या दारात.

घर मोठं, ऐसपैस. ओट्यावर गावची चार माणसं बसलेली. आबांच्या बायकोला सगळे जिजी म्हणत. तिने चहा दिला, आणि मी पिल्लाची जागा विचारली, तसा तिचा चेहरा पडला. तिने आम्हाला माजघरामागच्या खोलीत नेलं. खिडकीला आतून गोणपाट ठोकलेलं. डोळे सरावायला वेळ लागला. मग पाळणा दिसला. पाळण्याच्या खाली फाटक्या पोत्यावर फौजदार, आणि पाळण्याशेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक पोरसवदा बाई. आबांची सून, रखमा.

पाळण्यात आबांचा नातू. त्याच्या आधीची दोन नातवंडं तान्हेपणीच गेलेली. म्हणून याला उकिरड्यावर ठेवून परत उचललेला आणि नाव ठेवलेलं उखर्डू, म्हणजे देवाला वाटावं की याची कोणाला किंमत नाही. आणि किंमत इतकी, की जन्मापासून त्याला कोणाच्या नजरेला पडू दिलं नव्हतं. फौजदार आलं तेव्हा तेही इतकं देखणं होतं, की गाव बघायला लोटलं. जिजीला भीती वाटली, त्यालाही दृष्ट लागेल. म्हणून मोठं होईपर्यंत त्यालाही याच खोलीत ठेवलं. दोघं एकमेकांना सोबत.

अक्काने विचारता न विचारता दुपटं बाजूला केलं. उखर्डूचे पाय धनुष्यासारखे वाकलेले होते. मनगटं सुजलेली. दीड वर्षाचं पोर, अजून उभं राहिलं नव्हतं.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एकदम सगळं लख्ख समजलं.

बाकीचं जिजीने खालच्या आवाजात सांगितलं. गावोगावचे जाणते आणले होते, गंडेदोरे झाले होते. सगळ्यांनी एकच निकाल दिलेला: आईच्या कुशीची खोड. दोन गेली आणि तिसरं हे असं. मुलाला दुसरी बायको करायचं घाटत होतं, मुलगीही बघून ठेवली होती. आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या मुली माहेरी जातात, झोके खेळतात आणि परत येतात, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. रखमाला या आखाजीला माहेरी पाठवायचं होतं आणि परत आणायचं नव्हतं. पोर इथेच राहणार होतं. रखमाला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिला सगळं ठाऊक होतं.

म्हणून आबांना खोड हवी होती! एकाच खोलीत, एकाच अंधारात दोन जीव सारखेच वाकले. कुत्र्याच्या पिल्लाचा तो आजार ठरला, तर नातवाचा काय ठरणार? इतकी वर्षं ज्या पोरीला घरादाराने बोल लावला, त्याचं काय करायचं? आबा वाईट नव्हते हो. भल्या माणसाला आपण चुकलो हे कळू लागलं की तो कसा आंधळ्यासारखा भांडतो, ते मी त्या दिवशी बघितलं.

बाहेर ओट्यावर आलो. आबांनी सगळ्यांदेखत विचारलं, 'मंग? दखं ना घर?'

मी म्हटलं, 'बघितलं. आबा, मी परत तेच सांगतो. पिल्लाला खोड नाही. त्याच्या आईच्या कुशीत काही वाईट नाही. त्याला उजेड मिळाला नाही, हाडाला जोर येईल असं खायला मिळालं नाही. एवढंच.'

मी एवढ्यावरच थांबलो असतो, खरं सांगतो. ढोरांच्या डॉक्टराला माणसांच्या पोरावर बोलायचा अधिकार नाही, आणि आबांच्या ओट्यावर तर नाहीच. पण माझ्या पाठीमागे दार वाजलं. रखमा उंबऱ्यात येऊन उभी होती. सासऱ्यासमोर, चार परक्या पुरुषांसमोर. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, हात दाराच्या चौकटीला घट्ट.

'डाक्टरसाहेब,' ती म्हणाली, 'पिलूनी खोड नही, अंधारना आजार शे, आसं सांगं ना तुम्ही? मंग मन्हा पोऱ्याले काय शे?'

त्या काळातल्या सुनेने असं विचारणं म्हणजे काय, ते आजच्या मुलींना कळायचं नाही. मी लढाईवरून आलेले शिपाई पाहिले आहेत, वाघाच्या पंज्यातून बैल सोडवणारा गुराखी पाहिला आहे. त्या पोरीएवढी हिंमत मी पुन्हा पाहिली नाही.

'बाई,' मी म्हटलं, 'मी जनावरांचा डॉक्टर आहे. पोराला मोठ्या डॉक्टरला दाखवायला हवं. पण मला विचारशील तर तुझ्या पोराला तेच आहे. तुझ्या कुशीत काही वाईट नाही. त्याला रोज सकाळी कोवळ्या उन्हात घेऊन बस.'

आबा उभे राहिले. 'ढोरना डाक्टरनी मानूसना गोठमा तोंड घालू नये!' गोठ म्हणजे आमच्याकडे गोष्ट. सभ्य माणसाला याहून मोठी शिवी सुचत नाही.

मी जोडे शोधू लागलो. पण अक्का जागची हलली नाही. तिने फौजदारला कडेवर घेतलेलं होतं. ती सावकाश म्हणाली, 'आबा, डाक्टरनं खरं का खोटं, माले म्हाईत नही. मी याले मेंढरंसमा लई जास. आखाजीले माघारी आनसू. पयना नही ते चार गावसमा मी सोता सांगसू, वाघीनी कूस खोडीनी. आनि पयना ते मी मांगसू ते देनं पडी.'

सगळ्यांसमोर झालेलं बोलणं. आबांना मान हलवावी लागली. त्यांना वाटलं असेल, गूळ-ज्वारी मागेल, फार तर कालवड मागेल.

अक्काने काय पणाला लावलं होतं, ते वाटेत माझ्या ध्यानात आलं आणि मी चिडलोच. 'अक्का, माझा दाखला तुझ्या बाजूने होता. तू सुटली होतीस. पिल्लू इतकं वाकलेलं, नाहीच पळालं तर? वाघी जाईल, नाव जाईल.' ती म्हणाली, 'मी सुटनू व्हती डाक्टर. ती पोर कोठे सुटनी व्हती?' मोटार आली तेव्हा मी फौजदारला तिच्या कडेवरून घेतलं आणि तिला आधी चढू दिलं.

तो हिवाळा मला जड गेला. मोठ्या डॉक्टरकडे पोराला नेलं नाही, हे कानावर आलं. आबांची अढी आणि जिजीची भीती. दोन नातवंडं मातीत घातलेली बाई तिसऱ्याला उंबऱ्याबाहेर काढायला धजत नव्हती. मी दौऱ्यावर असलो की वाट वाकडी करून अक्काचं खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, शोधायचो. पौष महिन्यात फौजदार मेंढरांच्या मागे पोटावर सरपटत होता, बघवत नव्हतं. अक्का त्याला मेंढीचं दूध पाजायची, मेलेल्या कोकराचं काळीज घालायची, हाडं चघळायला द्यायची आणि दिवसभर उन्हात ठेवायची. माघात तो चार पायांवर उभा राहिला. शिमग्याला लंगडत चालू लागला. मला बघून भुंकला तेव्हा मी रस्त्यावर टाळी वाजवली, आणि माझा टांगेवाला माझ्याकडे संशयाने बघू लागला.

इथे एक कबूल करून टाकतो, नाहीतर आजचे तरुण डॉक्टर मला पकडतील. आमच्या वेळच्या पुस्तकांत कुत्र्यालाही मुडदुसावर ऊन हाच पहिला उपाय लिहिलेला असे. पुढे कळलं, की माणसाचं पोर उन्हातून जे मिळवतं ते कुत्र्याला खाण्यातूनच मिळवावं लागतं. म्हणजे फौजदारला उन्हाने नाही, मेंढीच्या दुधाने आणि काळजाने उभं केलं. ऊन खरं उपयोगाचं होतं ते पाळण्यातल्याला. पुस्तक अर्धं चुकलं होतं, पण योग्य त्या दारात जाऊन चुकलं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी आबांच्या गावी पोहोचलो. दारात दमनी जुंपलेली, आमच्याकडची छताची बैलगाडी. रखमाचा भाऊ तिला न्यायला आलेला. लेकीबाळींनी भरलेल्या अशा दमन्या त्या दिवशी रस्त्याने गाणी म्हणत चालल्या होत्या. या दमनीपाशी कोणी बोलत नव्हतं. रखमा बोचकं घेऊन उभी, हात रिकामे. पोर आत पाळण्यात.

अक्का पांदीच्या वाटेने आली. एकटीच. मग तिने वळून हाक मारली, ती तिची नदी ओलांडणारी हाक, आणि केळीच्या बागेतून फौजदार सुटला. पाय अजून थोडे बाकदार, फौजदाराला शोभतील असे. पण कसला पळाला! मळ्याचा पाट भरून वाहत होता, तो एका उडीत ओलांडला, ओट्यावर चढला आणि थेट माजघरातून आत गेला. पाळण्याखाली. आतून उखर्डूचं खिदळणं ऐकू आलं.

आबा खांबाला टेकून बसले होते. ते उठले नाहीत. खाली बघत म्हणाले, 'मांग अक्का. काय मांगस ते मांग.'

अक्का ओट्याच्या खाली उभी राहिली. तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, याची मला आजही गंमत वाटते. मी असतो तर ओरडलो असतो.

'आबा, मन्हा पिलूले जे दिधं ते तुम्हना पिलूले द्या,' ती म्हणाली. मग रखमाकडे बोट केलं. 'आनि वाघीनी कूस चोखट शे, हाई मान्य ना तुम्हले? मंग तेच इनं बी सांगा. आठे. बठ्ठासम्होर.'

आबांची मान खाली. मला वाटलं, मोडतील पण वाकणार नाहीत, आता आत निघून जातील. आणि ते खरंच उठून आत गेले. रखमाने बोचकं उचललं. तिचा भाऊ बैलांच्या वेसणीला हात घालू लागला.

आबा बाहेर आले ते उखर्डूला घेऊन. मागे जिजी 'आहो, नजर, आहो' करत. आबांनी ऐकलं नाही. अंगणाच्या मध्यावर, जिथे सावलीचा तुकडा नाही, तिथे ते धुळीतच मांडी घालून बसले. डोक्यावरचं पागोटं काढलं. आबांना उघड्या डोक्याने गावात कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. ते पागोटं त्यांनी पोराच्या डोक्यावर आणि पोटावर पसरलं, आणि त्याचे दोन्ही वाकडे पाय उन्हात धरले. ते पाय पुढे सरळ झाले, पोरगं बागेत बोंबलत हिंडू लागलं. पण त्या क्षणी हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही नाही.

'रखमा,' त्यांनी हाक मारली. सुनेला नावाने, सगळ्यांसमोर. 'तुन्ही कूस चोखट शे, माय. खोड आम्हना घरमा व्हती. आखाजी खेयी ये. तिसरा दिवस मी सोता दमनी लई येस तुले लेवाले.'

रखमा दारातच खाली बसली आणि ढसाढसा रडली. जिजीही. अक्का मात्र पाटावर जाऊन तोंड धूत होती, बराच वेळ धूत होती.

न्याहारीची वेळ कधीच टळली होती. वैशाखाचं ऊन, खानदेशातलं. आबांच्या टकलावरून घाम मिशांत उतरत होता. मी डॉक्टर पडलो, माझ्याने राहवेना. जवळ जाऊन म्हटलं, 'आबा, मी कोवळं ऊन म्हटलं होतं. सकाळचं. आता उठा, उद्या बसा.'

आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. नातवाच्या पायावरून हात फिरवत म्हणाले, 'गप बठा डाक्टर. दोन वरीस वाया गयं.'

मी गप्प बसलो. त्यांच्या शेजारीच, धुळीत.